सवाईनंतर चेन्नई: मार्गळीच्या मैफलींसाठी आठ दिवसांची आखणी

आमच्या घरी डिसेंबरच्या पानावर वर्षानुवर्षे एकच खूण होत आली आहे, ती सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची. आत्याने रमणबागेच्या मैदानावर सतरंजीवर बसून रात्री जागवल्या, पुढे गुडघे दुखू लागल्यावर ती खुर्चीवर आली, आणि महोत्सव मुकुंदनगरला गेल्यावरही तिचे जाणे थांबले नाही. यंदा त्या खुणेच्या पुढे मी आठ दिवसांची दुसरी खूण केली आहे. सवाई संपल्यावर एक दिवस विश्रांती घ्यायची आणि रेल्वेने चेन्नईला जायचे, तिथल्या मार्गळी या तमिळ महिन्यातल्या कर्नाटक संगीताच्या हंगामासाठी. मी तिसऱ्यांदा जाणार आहे, आत्या पहिल्यांदाच येते आहे.

बेत ठरला त्या संध्याकाळी आत्याने पहिला प्रश्न विचारला, "अगं, तिकडचा मांडव कुठे असतो?" या प्रश्नाचे उत्तर देताना मला जाणवले, की आखणीचा सगळा गाभा त्यातच आहे. चेन्नईत मांडव नसतो. सवाईत आपण एका जागी बसतो आणि गाणे आपल्यासमोर क्रमाने येत राहते. कोणानंतर कोण गाणार हे आयोजकांनी विचारपूर्वक ठरवलेले असते, आणि आपल्याला निवडायचे असते ते फक्त चहाला केव्हा उठायचे एवढेच. चेन्नईत मात्र एकाच वेळी शहरभरच्या सभागृहांत मैफली चालू असतात, आणि डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीपर्यंत त्यांची संख्या हजाराच्या पुढे जाते. तिथे कार्यक्रमाचा क्रम श्रोत्यालाच लावावा लागतो. म्हणून या प्रवासाची आखणी मी प्रवासाची पूर्वतयारी मानत नाही. ते ऐकण्याचेच पहिले काम आहे असे मी मानते.

आधी तिथले दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. 'सभा' म्हणजे संगीतसंस्था. अशा प्रत्येक संस्थेचे सदस्य, कार्यक्रमपत्रिका आणि बहुधा ठरलेले सभागृह असते. आणि 'कच्चेरी' म्हणजे मैफल. आपण ज्या कचेरीत दाखले आणि उतारे मिळवायला जातो, तोच हा शब्द. दरबार भरतो ती जागा, या अर्थाने तो दक्षिणेत गेला आणि तिथे गाण्याला चिकटला. आत्याला हे फार आवडले. आता ती फोनवर बहिणींना सांगते, की आपण कचेरीत गाणे ऐकायला निघालो आहोत.

या हंगामाचे मूळ एका राजकीय अधिवेशनात आहे. 1927 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने अखिल भारतीय संगीत परिषद झाली, आणि तिच्यातून 1928 मध्ये मद्रास म्युझिक अकादमी उभी राहिली. अकादमीने वार्षिक परिषद आणि तिला जोडून मैफली डिसेंबरात भरवण्याचा प्रघात पाडला. मग इतर सभाही त्याच दिवसांत आपापले महोत्सव करू लागल्या. इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी 1932 ची, तमिळ इसै संगम 1943 चा, नारद गान सभा 1958 ची. तिरुवल्लिकेणीची पार्थसारथी स्वामी सभा तर या सगळ्यांच्या आधीची, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. चेन्नईला 2017 मध्ये युनेस्कोने संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, तिच्यामागे सभांच्या या जाळ्याचा मोठा वाटा आहे.

पहिल्या खेपेला मी जी चूक केली ती इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडून जाणारा जवळजवळ प्रत्येक उत्साही श्रोता तीच करतो. मी पाच दिवसांसाठी गेले होते आणि नावांची एक लांबलचक यादी बरोबर नेली होती. यादीतला प्रत्येक कलाकार ऐकायचाच, या हट्टापायी मी एका दिवसात चार सभागृहे गाठत असे. रॉयपेट्ट्यात एक तास, मग रिक्षाने त्यागरायनगर, तिथून पुन्हा मैलापूर. पाच दिवसांत मी वीसएक कलाकारांना पाहिले, आणि परतताना गाडीत आठवू लागले तेव्हा एकही मैफल मला आरंभापासून शेवटपर्यंत आठवेना. कोणाची आलापी होती पण तिच्यामागची कृती, म्हणजे तिथली बंदिश, नव्हती. कोणाची कृती होती, पण तिच्यानंतर मृदंगम काय बोलला ते ठाऊक नव्हते, कारण तेवढ्यात मी रिक्षा शोधत रस्त्यावर उभी होते. त्याचे दुःख मला बरेच दिवस पुरले.

त्यानंतर समजलेली आणि आता आखणीच्या मुळाशी ठेवलेली गोष्ट अशी, की या हंगामात एखादा कलाकार एकदाच गातो असे क्वचित घडते. नामवंत गायक किंवा वादक महिनाभरात निरनिराळ्या सभांत अनेक वेळा बसतात. त्यामुळे आज अकादमीत ज्यांना ऐकता आले नाही, ते तीन दिवसांनी मैलापूरच्या एखाद्या सभेत भेटण्याची शक्यता असते. शिवाय छोट्या सभागृहात, ओळखीच्या श्रोत्यांसमोर, तेच कलाकार अधिक मोकळे गातात असा माझा अनुभव आहे. म्हणून मी आता नावांची यादी न करता दिवसांचा तक्ता करते, आणि प्रत्येक दिवशी संध्याकाळची एकच मोठी मैफल लिहिते. तिच्याआधी जमले तर दुपारची एखादी. पण ती जागा पेन्सिलीने लिहायची, शाईने नाही.

मैफल पूर्ण ऐकायची, असा आग्रह मी का धरते? कारण कर्नाटक कच्चेरीचा बांधाच तसा आहे. आपल्याकडे एक राग तासभर उलगडत जातो. तिथे अडीच तासांत सात-आठ रचना येतात, आणि त्यांचा क्रम एखाद्या चांगल्या पंगतीच्या वाढपासारखा विचारपूर्वक लावलेला असतो. गायक अरियकुडी रामानुज अय्यंगार यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हा क्रम रूढ केला असे मानले जाते. आरंभी वर्णम्, ज्याने गळा आणि श्रोता दोन्ही तापतात. मग दोन-तीन लहान कृती. आणि साधारण एका तासानंतर मुख्य राग. त्या रागाची आलापी गायक करतो, मग व्हायोलिनवादक तीच वाट आपल्या पद्धतीने पुन्हा चालून दाखवतो. त्यानंतर कृती, निरवल, म्हणजे कृतीतल्या एकाच ओळीचा विस्तार, कल्पनास्वर, म्हणजे जागच्या जागी रचलेली सरगम, आणि शेवटी तनि आवर्तनम्, म्हणजे मृदंगम आणि त्याच्या जोडीला असेल ते घटम्, खंजिरी किंवा मोर्सिंग यांचा स्वतंत्र संवाद. मग काही वेळा रागम्-तानम्-पल्लवी, म्हणजे आलापीपासून एका ओळीच्या लयदार विस्तारापर्यंतची मोठी मांडणी, अखेरीस हलक्या रचना, ज्यांना तिथे तुक्कडा म्हणतात, आणि मंगलम्. यातला कोणताही तुकडा सुटा ऐकला तरी तो सुंदर असतो. पण मुख्य रागाचा भार कळायचा तर आधीच्या छोट्या कृतींनी मन हलके झालेले असावे लागते.

तनि आवर्तनम् सुरू झाले की बरेच श्रोते उठून उपाहारगृहाकडे चालू लागतात. ही सवय जुनी आहे आणि तालवादकांना तिचा सल आहे. आम्ही दोघींनी ठरवले आहे, की तनि संपेपर्यंत हलायचे नाही. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पखवाज वाजवत. ती म्हणाली, "वाजवणाऱ्यासमोरून उठून जायचं म्हणजे त्याच्या ताटावरून उठून जाण्यासारखं आहे."

राहण्याची जागा ठरवताना मी नकाशावर आधी सभागृहे मांडली. अकादमीचे आणि नारद गान सभेचे सभागृह एकाच टी. टी. के. रस्त्यावर आहे. मैलापूर फाइन आर्ट्स क्लब, रसिक रंजनी सभा आणि भारतीय विद्या भवन ही तिन्ही मैलापुरात आहेत. त्यागरायनगरात वाणी महाल आणि कृष्ण गान सभा. या तीन पुंजक्यांपैकी एकाच्या पोटात राहायचे आणि शक्य तितके पायी जायचे, हे उत्तम. सध्या मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामामुळे मैलापुरातले लझ चौकाच्या आसपासचे रस्ते वळवलेले आहेत, आणि नकाशावर दहा मिनिटांचे दिसणारे अंतर संध्याकाळी सहाला अर्धा तास घेऊ शकते. तिथे मैफली घड्याळाच्या काट्यावर सुरू होतात. साडेसहा म्हणजे साडेसहा. म्हणून आम्ही मैलापुरातल्या कपालीश्वराच्या देवळापासून चालत जाता येईल अशी एक साधी खोली घेतली आहे. तळमजल्यावरची, कारण आत्याला जिने चढणे जड जाते. डिसेंबरअखेरीस परदेशात स्थायिक झालेली तमिळ कुटुंबे सुटीसाठी परत येतात आणि खोल्या मिळेनाशा होतात, म्हणून मी सप्टेंबरातच ती राखून ठेवली. आम्ही 17 ला पोहोचू आणि 24 च्या रात्री निघू.

तिकिटांविषयी थोडक्यात. अकादमीचा महोत्सव दरवर्षी 15 डिसेंबर ते 1 जानेवारी असा असतो. संपूर्ण हंगामाची तिकिटे घेणारे जुने श्रोते पुढच्या रांगा धरून असतात, आणि बाहेरून येणाऱ्याला रोजच्या तिकिटांपैकी जे मिळेल ते घ्यावे लागते. त्यामुळे मी आठ संध्याकाळींपैकी दोनच अकादमीसाठी ठेवल्या आहेत. उरलेल्या सभांत जागा मिळणे तितके अवघड नसते. दुपारच्या मैफली बहुतेक ठिकाणी विनामूल्य असतात आणि त्यांत तरुण कलाकार बसतात. अर्ध्या रिकाम्या सभागृहात एकवीस-बावीस वर्षांची मुलगी डोळे मिटून शंकराभरणम् मांडते आहे आणि तिच्या गुरू तिसऱ्या रांगेत हाताने ताल धरून बसल्या आहेत, हे दृश्य मी मागच्या खेपेला पाहिले. त्या हंगामातले मला सर्वांत जास्त आठवणारे गाणे तेच आहे. अकादमीतली सकाळची सप्रयोग व्याख्यानेही मी तक्त्यात घेतली आहेत. रागांची जुनी रूपे, एखाद्या वाग्गेयकाराची, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याची, शैली, वाद्यांची घडण, असे विषय विद्वान तिथे गाऊन-वाजवून समजावतात, आणि ती मुख्यतः इंग्रजीत होत असल्यामुळे आपल्याला भाषेची अडचण येत नाही.

खरी तयारी मात्र कानांची. आत्याने साठ वर्षे हिंदुस्थानी संगीत ऐकले आहे, पण कर्नाटक संगीत म्हटले की तिला गमकांची ती सततची लाट अस्वस्थ करते. "स्वर कुठे थांबतच नाही गं," असे ती म्हणायची. म्हणून ऑक्टोबरपासून आम्ही रोज रात्री एक राग ऐकतो आहोत, आणि तो तिच्या ओळखीच्या दारातून. मोहनम् म्हणजे आपल्या भूपाचे स्वर, हिंदोलम् म्हणजे मालकंसाचे, कल्याणी यमनाची, शंकराभरणम् बिलावलाचे, मध्यमावती मधमाद सारंगाची. नावांचा एक सापळा तिला मी पहिल्याच दिवशी दाखवला: तिथली तोडी आपली तोडी नाही, तिचे स्वर आपल्या भैरवीचे असतात. आपल्या मियाँकी तोडीचे स्वर त्यांच्या शुभपंतुवराळीत मिळतात. स्वर तेच असूनही राग तोच राहत नाही, हे आत्याला तिसऱ्या आठवड्यात आपोआप उमगले. कल्याणी ऐकता ऐकता ती म्हणाली, की यमन उभा राहून पाहतो आणि ही बाई चालता चालता पाहते.

हंसध्वनीची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा राग वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी घडवला, आणि उत्तरेकडच्या मैफलीत तो रुजवण्याचे मोठे श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांना दिले जाते. म्हणजे आज पुण्यात आपण जो हंसध्वनी आपला मानून ऐकतो, तो कावेरीकाठावरून मुंबईमार्गे आपल्याकडे आला आहे.

आणि सवाईला जाणाऱ्या माणसाने चेन्नईला का जावे, याचे माझ्या मनातले सगळ्यात जवळचे कारण अब्दुल करीम खाँसाहेब हेच आहेत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला. मिरजेचे हे खाँसाहेब म्हैसूर आणि मद्रासकडे वारंवार जात. त्यांनी कर्नाटक पद्धतीच्या सरगमचा आपल्या गायकीत मनापासून स्वीकार केला आणि त्यागराजांच्या कृतीचे ध्वनिमुद्रणही केले. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले, ते सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले, आणि तिथेच फलाटावर त्यांनी देह ठेवला. ते स्टेशन चेंगलपट्टूच्या अलीकडे आहे आणि चेन्नईहून लोकल गाडीने तिथे जाता येते. 20 तारखेची सकाळ मी त्यासाठी राखून ठेवली आहे. तिथे पाहण्यासारखे काही असेल म्हणून नव्हे. आत्याला त्या फलाटावर थोडा वेळ बसायचे आहे.

सकाळींविषयी आता लिहिते, कारण या शहराचा समुद्र मला सकाळीच भेटतो. मार्गळी महिना सूर्य धनु राशीत असतानाचा, साधारण 16 डिसेंबर ते संक्रांतीच्या आसपासपर्यंतचा. हे वाचताच आपल्याकडच्या जुन्या पिढीला धुंधुरमास आठवेल, आणि तो हाच महिना आहे. आपल्याकडे या दिवसांत सूर्योदयाआधी मुगाची खिचडी, लोणी लावलेली बाजरीची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य होतो. तिथे त्याच पहाटे देवळात मिरी आणि तूप घातलेले मुगाच्या डाळीचे वेण पोंगल मिळते. आत्याच्या माहेरी धुंधुरमास पाळला जात असे, आणि केळीच्या द्रोणातले ते पोंगल हाती पडल्यावर ती काय म्हणते ते ऐकायला मी उत्सुक आहे. संत कवयित्री आंडाळची तिरुप्पावै ही रचना तीस पद्यांची आहे, महिन्याच्या एकेका दिवसाला एकेक, आणि मैलापुरात पहाटेच्या काळोखात माड वीथ्यांमधून, म्हणजे कपालीश्वराभोवतीच्या रस्त्यांमधून, भजनी मंडळी गात फिरतात. वाग्गेयकार पापनाशम् शिवन् अनेक वर्षे अशाच भजनाच्या अग्रभागी चालत असत. दारादारांत तांदळाच्या पिठाचे कोलम् घातलेले असते. हंगाम सभागृहात आहे त्याआधी तो या रस्त्यांवर आहे, असे मला वाटते, आणि पहिली पहाट झोपेत घालवणाऱ्याला अर्धा हंगाम कळत नाही.

तिथून समुद्र चालत गेले तर अर्ध्या तासावर. दीपस्तंभाच्या बाजूने मरीनावर उतरायचे आणि साडेसहाच्या सुमारास वाळूत उभे राहायचे. आपण कोकणातली माणसे. सूर्य समुद्रात बुडताना आपण आयुष्यभर पाहिलेला असतो, तो समुद्रातून वर येताना पाहणे डोळ्यांना उलटे वाटते. पाण्यात मात्र उतरू नये. किनाऱ्याजवळच तळ खोल होतो, ओढ जबर असते आणि बुडण्याचे अपघात दरवर्षी होतात. मुक्कामात पौर्णिमा येत असेल तर एक संध्याकाळ गाण्याशिवाय ठेवून बेसंतनगरच्या एलियट्स किनाऱ्यावर जावे. दत्तजयंतीचा चंद्र पाण्यातून तांबूस वर येतो, आणि तासाभरात पांढरा होतो.

हवामानाबाबत मात्र सावध राहायला हवे. ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालतो. 2015 च्या डिसेंबरारंभीचा महापूर, 2016 चे वर्धा चक्रीवादळ आणि 2023 चे मिचाँग ही तिन्ही संकटे याच महिन्यातली आहेत. महिन्याच्या उत्तरार्धात पावसाचा जोर सहसा ओसरतो, आणि आम्ही 17 तारीख निवडण्यामागे हेही एक कारण होते. तरीही छत्री, पावसात चालतील अशा चपला आणि परतीचे रद्द करता येईल असे तिकीट, एवढे आम्ही ठेवले आहे. याउलट सभागृहांमध्ये वातानुकूलन इतके कडक असते, की बाहेर घाम येत असताना आत शाल लागते. आत्याने सवाईचीच शाल काढून ठेवली आहे.

जेवणाची चिंता या हंगामात करावी लागत नाही. मोठ्या सभांच्या आवारात महिनाभरासाठी उपाहारगृहे उभी राहतात, आणि गाणे न ऐकणारे लोकही तिथे केवळ जेवायला येतात. दुपारी केळीच्या पानावर पूर्ण जेवण, संध्याकाळी अडै-अवियल, पालेभाजी घातलेले वडे, रवा डोसा, काशीहलवा, आणि पितळी डबऱ्यातली फिल्टर कॉफी. मैफलींविषयीचे खरे मत तिथल्या टेबलांवर ऐकायला मिळते. शेजारचे अनोळखी आजोबा आपल्या छोट्या वहीत त्या दिवशीच्या रचना, राग आणि ताल लिहीत असतात, आणि आपण राग ओळखण्यात अडखळलो तर अतिशय आनंदाने समजावून सांगतात. मागच्या खेपेला अशाच एका गृहस्थांनी मला आदितालाची क्रिया टेबलावर शिकवली: एक टाळी, तीन बोटे, मग टाळी आणि उलटा हात असे दोनदा, मिळून आठ मात्रा. मी ती आत्याला शिकवली आहे.

तिथे गेल्यावर मराठी माणसाला एक गोष्ट हमखास हलवून सोडते. मैफलीच्या अखेरीस, तुक्कड्यांच्या वेळी, एकाएकी अभंग सुरू होतो. उच्चार थोडे वेगळे असतात, चाल दक्षिणेकडची असते, पण विठ्ठल आपलाच असतो, आणि सभागृह टाळ्यांचा ठेका धरते. अरुणा साईराम यांनी अभंगाला कच्चेरीत मोठी लोकप्रियता मिळवून दिली. त्या मुंबईत वाढल्या, आणि 2018 मध्ये अकादमीच्या संगीत कलानिधी सन्मानाच्या मानकरी झाल्या. पण या नात्याची मुळे फार जुनी आहेत. तंजावरला भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे होते. तिथल्या शहाजीराजांपासून (हे शिवरायांचे वडील नव्हेत, व्यंकोजींचे पुत्र) दुसऱ्या सरफोजीराजांपर्यंत अनेकांनी संगीताला आश्रय दिला, आणि कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती, श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर, याच राज्याच्या मुलखात वाढले. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला गेले, आणि त्यांच्या कीर्तनाच्या प्रभावातून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्या हरिकथेत आजही त्याच नावांनी गायली जातात. हंगामात हरिकथेचे कार्यक्रम असतात, आणि त्यांतला एक ऐकायचाच, असे आम्ही ठरवले आहे. तमिळ कळत नसताना मधूनच साकीची चाल ओळखीची लागते, तेव्हा काय होते ते मी एकदा अनुभवले आहे.

भाषेवरून आठवले. कच्चेरीतल्या बहुसंख्य मोठ्या रचना तेलुगू किंवा संस्कृतात असतात, आणि तमिळनाडूच्या राजधानीत तमिळ रचना मात्र शेवटच्या तुक्कड्यांत ढकलल्या जातात, ही खंत 1940 च्या दशकात तमिळ इसै, म्हणजे तमिळ संगीत, या चळवळीने मोठ्याने मांडली. तमिळ इसै संगमाचे महोत्सव राजा अण्णामलै मन्रम् या सभागृहात होतात. ते शहराच्या जुन्या भागात, उच्च न्यायालयाच्या परिसरात आहे, सभांच्या नेहमीच्या वस्त्यांपासून बरेच दूर, म्हणून बाहेरचे श्रोते तिथे कमी जातात. एक संध्याकाळ तिथे द्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आणि ज्यांना जानेवारी-फेब्रुवारीत जाणे सोयीचे असेल त्यांनी उरूर ओल्कॉट कुप्पम् या मच्छीमार वस्तीतल्या उत्सवाची चौकशी करावी. बेसंतनगरच्या किनाऱ्याला लागून असलेल्या त्या वस्तीत 2015 मध्ये कर्नाटक गायन, भरतनाट्यम् आणि परै आट्टम् हे परै ढोलावरचे लोकनृत्य एकाच मंचावर आले. सभागृहांत कोण बसते आणि कोण बसत नाही, हा प्रश्न त्या उत्सवाने विचारला. तो प्रश्न सवाईच्या मांडवातही माझ्या मनात येतो, आणि श्रोता म्हणून मी तो टाळू इच्छित नाही.

आज तक्ता असा उभा आहे: दोन संध्याकाळी अकादमी, दोन मैलापुरात, एक त्यागरायनगर, एक तमिळ इसै संगम, एक हरिकथा, पहाटे चार वेळा भजन आणि समुद्र, 20 ला सिंगपेरुमाळ कोविल. 22 ची संध्याकाळ कोरी ठेवली आहे. ज्याचे नाव आज आम्हाला ठाऊक नाही, पण ज्याच्याविषयी उपाहारगृहातले कोणी तरी आग्रहाने सांगेल, त्याला ऐकण्यासाठी. आत्याने ती मोकळी चौकट पाहून आधी विचारले, की इथे काही लिहायचे राहिले का. मी कारण सांगितले, तेव्हा तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, चौकटीत आठ लहान रेघा काढल्या, आणि मांडीवर ताल धरून काल रात्रीची कल्याणी पुन्हा लावायला सांगितली.